आपल्या माणसाचा डबा

धारूरच्या स्टँडवरून बीडमार्गे गेवराईला निघालो तेव्हा लोक परदेशी जाताना रडतात तसा मी रडलो. जिल्हा तोच, तालुका तेवढा बदलत होता. ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये नोकरी लागली होती. बाबा खिडकीशी येऊन म्हणाले, "आजारी पडलास तर आदी गाववाला हुडक. डॉक्टर मंग." शेजारी बसलेल्या माझ्या बायकोनं, संगीतानं, कपाळाला हात लावला. मी मान डोलावली. हा माझा जुना रोग. मोठ्यांनी काही सांगितलं की मान आधी हलते, डोकं नंतर.

गाववाला सापडला. अण्णा. हायवेला त्यांची खानावळ. संगीताला पाचवा महिना, गॅसचा पत्ता नाही, म्हणून दोन महिने त्यांचाच डबा. एकादशीला भगरीच्या पिठाच्या भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी आली. माझा उपवास शोरूममध्येच समोशापुढं मोडला होता, म्हणून मी वाचलो. संगीतानं दोन भाकरी खाल्ल्या आणि तासाभरात चक्कर, उलट्या, अंगाला थरथर.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? मी तिला रिक्षात घालून थेट खानावळीत नेलं. जिथं बाधलं तिथंच उतारा मागायला! "पित्त हाय, दुसरं काय न्हाई," म्हणत अण्णांनी लिंबू पिळलं, खाट दिली. मी पुठ्ठ्यानं वारा घालत बसलो आणि माझ्या पाठीमागं तीच भाकरी गिऱ्हाइकांना वाढली जात होती. हे लिहितानाही कानशिलं तापतात.

आमच्या घरमालकीण शमीमखाला रिक्षावाल्याला विचारत तिथं पोचल्या. "सरकारी दवाखाना आपल्या गल्लीच्या मागं हाय रे. पोटुशी बाई हितं काहून आणलीस? अक्कल गावालाच ठिवून आलास का?"

तिकडंच ठेवून आलो होतो. गावात आशाताईचं घर, उपकेंद्राची वेळ, नर्सबाईचा राग, सगळं तोंडपाठ होतं. इथं मला भजी कुठं चांगली मिळतात ते ठाऊक होतं.

खालांनीच रिक्षा सरकारी दवाखान्याकडं वळवली. सलाईन लागलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुठं खाल्लं?"

मी म्हणालो, "घरीच."

आपला माणूस ना! त्याचं नाव कसं घ्यायचं?

संगीता पडल्या पडल्या बोलली, "खोटं बोलायलेत हे. खानावळीचा डबा हाय. तिथं अजून माणसं जेवायलीत."

बाईंनी माझ्याकडं एकदाच बघितलं आणि अन्न खात्याला फोन लावला. संध्याकाळपर्यंत त्याच वॉर्डात आणखी चार जण आले. माझं खोटं खपून गेलं असतं तर किती आले असते, हा हिशेब मी आजही टाळतो.

बाईंनी उरलेलं अन्न मागितलं होतं, म्हणून मी घरून डबा घेऊन आलो. तेवढ्यात अण्णा शहाळं घेऊन हजर. संगीताची पोटच्या पोरीसारखी चौकशी केली, डोक्यावरून हात फिरवला. मग हळूच, "डबा दे की, धुऊन टाकतो." आणि मी, अस्सल गाढव, पिशवीत हात घातलासुद्धा.

"ऱ्हाऊ द्या तो," संगीता म्हणाली. "तपासायला द्यायचाय."

"लई शिकलीस गं," म्हणत अण्णा गेले. शहाळं परत घेऊन गेले.

डबा अन्न खात्याच्या साहेबांकडं गेला, सोबत माझ्या सहीची तक्रार. पीठ जुनं, बुरशी धरलेलं निघालं. गावाला त्याचं काय! फोनवर फोन. "आपल्याच माणसाच्या पोटावर पाय दिलास?" "उपासाच्या अन्नाला नावं ठिवतोस?" एकानंही संगीता कशी आहे हे विचारलं नाही. एकानंही! शेवटी बाबांचा फोन. "तू आता गावाचा न्हाई ऱ्हायलास."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर संगीतानं फोन ओढून घेतला. "मामा, मी ऱ्हायले. पोटातलं बी ऱ्हायलं. ते इचारा की."

 मग बाबा म्हणाले, "जेवलीस का?" आणि फोन बंद.

तुम्ही गावात असा नाहीतर माझ्यासारखे बाहेर पडलेले, घर कुठं म्हणून विचाराल तर सांगतो. माझी माणसं आजारी पडली तर ज्या जागी मी कुणाचं नाव झाकणार नाही, ते माझं घर. सध्या ते गेवराईत आहे, भाड्याच्या दोन खोल्यांत. धारूरला ते अजून व्हायचंय.