कोरी नळी गुलाबी झाली तेव्हा

"बाटवलंस ना सगळं!"

सरांनी नळी उजेडाकडे धरली होती. अख्ख्या वर्गासमोर. नळी गुलाबी दिसत होती. ती कोरी राहायला हवी होती.

"स्वच्छतेचे संस्कारच नाहीत तुमच्यात."

उभी मी एकटी होते. तरी सर 'तुझ्यात' नाही म्हणाले, 'तुमच्यात' म्हणाले. एकानंही मान वर केली नाही.

मी धरणगावच्या बौद्ध वस्तीतली. आई लोकांच्या शेतात कापूस वेचते. तिथल्याच मातीतला एक जिवाणू मी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी जळगावला आणला होता. त्याच्याकडे एक एन्झाइम असतं, ते आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं. अंगावर औषधाचा मारा झाला की जिवाणू त्या वायूच्या आडोशानं तगतो. चिवट जात! वायू काही हाती लागत नाही, लगेच त्याचं नायट्राइट होतं. त्यात रसायन टाकलं की गुलाबी रंग येतो. म्हणून शेजारी एक नळी नुसत्या डिस्टिल्ड, म्हणजे शुद्ध पाण्याची ठेवायची, जिवाणू न घातलेली. तिला ब्लँक म्हणतात. ब्लँकच गुलाबी झाली तर सगळी मेहनत पाण्यात.

"आजपासून काचसामान धू. नळीला हात लावू नको," सर म्हणाले.

आठ दिवस धुतलं. प्रोजेक्ट गेला की वर्ष गेलं, वर्ष गेलं की मामानं आणलेलं स्थळ. सरांची चप्पल वाजली तरी हातातली काच निसटायची.

लॅबमध्ये बुरशी आली की सगळेच म्हणतात, प्लेट बाटली. मीही म्हणायचे. आजीला विहिरीवरून हाकललं ते याच शब्दानं, हे मला ठाऊक होतं. तरी म्हणायचे. लाज वाटते आता.

रविवारी घरी गेले. आईनं माझ्या बोटांच्या चिरा पाहिल्या. सगळं ऐकून घेतलं आणि फणकारली, "आमना हातना कापूस आंगवर घालतस, तवय नई बाटतस का?"

सोमवारी मी सिंकपाशी असताना शिपाई नाना डिस्टिल्ड वॉटरचा कॅन नळाखाली लावत होते. नळ बोअरचा.

"नाना, यात हे पाणी?"

"सरनीच सांगं ना. डिस्टिलेशन मशीनले लई पानी लागस, बोरनं भरी दे."

"कधीपासून?"

"व्हयनात पंधरा दिन."

कॉलेजच्या कुंपणापलीकडे कापूस आहे. दर हंगामाला युरिया पडतो. तो झिरपून बोअरमध्ये उतरतो आणि त्यातूनच नायट्राइट होतं. आठ दिवसांत मला पाणी तपासायचं सुचलं नव्हतं. माझाच हात घाण, हे मीही मान्य करून टाकलं होतं! सरांपेक्षा त्याचाच राग जास्त आला.

दुपारी सर आले. मी कोरडी नळी त्यांच्यापुढे धरली.

"सर, कॅनमधलं पाणी ओता. रसायनही तुम्हीच टाका. मी लांब उभी राहते."

"काय नाटक आहे हे?"

"तुमच्या हातानं ओता, सर."

सगळे बघत होते. सरांनी ओतलं. जरा वेळ गेला. नळी गुलाबी झाली.

सर नळी सिंकमध्ये रिकामी करून निघून गेले. मी वहीत लिहिलं: ब्लँक गुलाबी. पाणी बोअरचं. ओतणारे, सर.

मग मला कुणी अडवलं नाही; विकतचं डिस्टिल्ड वॉटर आणून सगळं पुन्हा केलं. ब्लँक कोरी राहिली. जिवाणूची नळी गुलाबी झाली. काल वही सहीसाठी नेली. सरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही ओळ खोड. मग सही."

परीक्षा चार दिवसांवर आली आहे, आणि वहीवर सही नसली तर बसू देत नाहीत.

"खोडणार नाही, सर."

त्यांनी वही टेबलावरून सरकवून दिली.

सही झालेली नाही. उद्या वही घेऊन पुन्हा जाणार आहे, परवाही. भीती वाटते. वाटू दे. ती ओळ मी शाईनं लिहिली आहे. आणि यापुढे माझ्यासमोर कुणी 'बाटलं' म्हणालं, तर आधी विचारणार, पाणी कुणी भरायला सांगितलं?