फँगकाकांची माफी

मेईचा फोन आला तेव्हा मी सिंगापूरला, तांजोंग पगारच्या आमच्या ऑफिसात कुणाच्या तरी रजेवरून वाद घालत होते. मेई माझी शेजारीण. नोव्हेनाला आमच्या कॉन्डोत आमची दारं समोरासमोर, आणि ती जवळच्याच हॉस्पिटलात डॉक्टर. एरवी ती मेसेज करते, फोन करत नाही. 'सुनीता, पपा गेले. सकाळी, झोपेतच,' एवढंच म्हणाली. मी 'बरं, येते' म्हटलं आणि फोन ठेवला. बरं काय, कपाळ... पण तोंडातून तेवढंच निघालं. त्याला आता महिना होत आला. भेटणारा प्रत्येक जण म्हणतो, किती छान मरण आलं. मला नाही पटत. तिच्या पपांचं, म्हणजे फँगकाकांचं, एक काम राहिलं होतं, आणि ते मला ठाऊक होतं.

काका हे मीच ठरवलेलं नातं. ते तैवानचे. बायको गेल्यावर मुलीकडे सिंगापूरला राहायला आले, आणि लिफ्टमध्ये रोज भेटून भेटून ओळख झाली. आमचं बोलणं इंग्रजीत; त्यांचं सावकाश, व्याकरण तपासून बोलल्यासारखं. माझं थालीपीठ ते चॉपस्टिकने खायचे आणि मला ते बघवायचं नाही. कितीतरी दिवस मी त्यांना रिटायर्ड हेडमास्तर समजत होते. मग माझ्या लेकीने, ईशाने, इंटरनेटवर त्यांना शोधून काढलं आणि इथल्या पोरांसारखं शेवटी 'ला' लावत ओरडली, 'मम्मा, अंकल इज सो फेमस ला!' पक्षाचे सरचिटणीस, पुढे पक्षाध्यक्ष, मग सरकारात मंत्री, शेवटी उपपंतप्रधान. मी दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्येच गाठलं त्यांना. म्हटलं, 'एवढे मोठे पुढारी, आणि माझ्यासाठी लिफ्ट धरून उभे राहता?' ते म्हणाले, 'आता तेवढंच पद उरलंय.'

त्यानंतर संध्याकाळी स्विमिंग पूलच्या बाकावर बसून ते राजकारणातल्या गोष्टी सांगायला लागले. आपल्याला वाटतं सत्ता म्हणजे सह्या आणि गाड्या. काका सांगायचे ते लग्नामयतीचं. मतदारसंघात कुणी गेलं की जायचं, अनोळखी फोटोसमोर उदबत्ती लावायची, वाकायचं, आणि निघून पुढच्या लग्नाला. निवडणूक हरली तर पक्षाध्यक्षाने त्याच रात्री सगळ्या नेत्यांना ओळीत उभं करून पत्रकारांसमोर कमरेतून वाकायचं आणि राजीनामा द्यायचा, ही तिथली रीतच. त्यांनी मला उभं राहून करून दाखवलं होतं. कोटाचं बटण लावायचं, हात मांडीला चिकटवायचे, आणि फोटोवाल्यांचं पुरेसं होईपर्यंत उठायचं नाही. डोळे उघडे ठेवायचे, म्हणजे कॅमेऱ्यांचे फ्लॅश थांबले की कळतं. मी म्हटलं, 'आमच्याकडे हरलेला पुढारी आधी दुसऱ्याचं नाव घेतो.' खूप हसले. म्हणाले, 'आम्हीही घेतो. वाकून झाल्यावर.'

कुओंचं नाव मात्र त्यांनी फार उशिरा काढलं. कुओ त्यांचे शाळेपासूनचे मित्र, एकाच किनाऱ्यावरच्या गावचे. दोघांनी एकत्र पक्षाचं काम सुरू केलं, भिंतींवर पोस्टर चिकटवली, एकमेकांच्या घरी जेवले. गावच्या किनाऱ्यावर मोठा कारखाना यायचा होता. दोघांनी कोळ्यांच्या सभेत उभं राहून शब्द दिला की आम्ही विरोधात मत देऊ. मग पक्ष सत्तेत आला, आणि पक्षाने ठरवलं, कारखाना हवा. कुओंनी संसदेत विरोधात मत दिलं. सरचिटणीस होते फँगकाका. कुओंना पक्षातून काढल्याच्या आदेशावर सही त्यांची. 'शब्द दोघांनी दिला होता,' ते पाण्याकडे बघत म्हणाले, '...आणि बढती मला मिळाली.' कुओ पुढची निवडणूक अपक्ष लढले आणि पडले. त्यांची आई गेली तेव्हा, जन्मभर अनोळखी मयतींना गेलेला हा माणूस, जिच्या हातचं जेवून वाढला तिच्या मयतीला गेला नाही. पक्षातून काढलेल्या माणसाच्या दारात सरचिटणीस दिसला तर बातमी होईल, म्हणून मयतीच्या जागी टांगतात तसलं, पदाचं नाव छापलेलं शोकाचं कापड पाठवून दिलं. मला इतका राग आला की मी त्या दिवशी त्यांच्याशी नीट बोलले नाही.

मग यंदा कुओ सिंगापूरला आले. त्यांची नात इथल्या युनिव्हर्सिटीत शिकते. मेईने कुठून तरी नंबर मिळवला आणि काकांच्या मागे लागून भेट ठरवली, सेरंगूनच्या एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मोठ्या मंडपात. मेईला ड्यूटी होती, काकांचे गुडघे गेलेले, म्हणून सोबतीला मी. टॅक्सीत बघते तर हा माणूस कोट आणि टाय घालून आलेला. त्या उकाड्यात! मी म्हटलं, 'काका, कोट काढा.' नाही म्हणाले.

कुओ आधीच येऊन बसले होते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात सँडल, समोर कॉफी. त्यांनी काकांसाठीही कॉफी आणून ठेवली होती. मी शेजारच्या टेबलावर बसले. वाटलं, आता हे दोघे बोलतील, एखादा रडेल, मग आपण नूडल्स मागवू. काका खुर्चीपाशी गेले, पण बसलेच नाहीत. कोटाचं बटण लावलं, हात मांडीला चिकटवले, आणि कमरेतून वाकले. आजूबाजूचे जेवता जेवता थांबले. कुओ बघत राहिले. मग त्यांच्या भाषेत एक वाक्य बोलले, उठले, आणि दोन्ही कॉफ्या तशाच टाकून चालू लागले. काका वाकलेलेच. मी जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला, ते गेले म्हणून सांगितलं, तेव्हा ताठ झाले.

परतताना टॅक्सीत मी विचारलं, 'काय म्हणाले ते?' काका म्हणाले, 'म्हणाला, इथे कॅमेरा नाहीये.' मी तडकलेच. 'मग वाकायचं कशाला? खुर्चीत बसून चुकलो रे बाबा म्हणायचं, संपलं!' ते हळूच म्हणाले, 'तसं म्हणायचं असतं हे मला माहीत होतं, सुनीता. राजकारणात यायच्या आधी मी तसंच म्हणायचो. आज तोंड उघडलं तर निवेदन बाहेर पडेल अशी भीती वाटली... म्हणून वाकलो.' मी त्यांचा टाय सैल करून दिला.

पुढे रोज म्हणायचे, फोन करतो. आज करतो, उद्या करतो. काय बोलायचं ते बाकावर बसून माझ्यासमोर म्हणून बघायचे, आणि मध्येच थांबून म्हणायचे, 'हे पुन्हा भाषणच झालं.' मी म्हणायचे, 'होऊ द्या भाषण, पण लावा तो फोन.' लावला नाही. मग ती सकाळ आली.

फ्युनरल पार्लरमध्ये, म्हणजे शेवटच्या दर्शनाच्या हॉलात, तैवानहून पक्षाचं शिष्टमंडळ आलं, ओळीत उभं राहून फोटोसमोर वाकलं, पुष्पचक्रं ठेवून विमान गाठायला निघून गेलं. गर्दी ओसरल्यावर कुओ आले. तोच अर्ध्या बाह्यांचा शर्ट. ते फोटोकडे गेलेच नाहीत, थेट माझ्यापाशी आले. मला ओळखलं होतं त्यांनी. मेईला मध्ये घालून विचारलं, 'मी उठून गेल्यावर तो किती वेळ तसा होता?'

खोटं बोलावंसं वाटलं. म्हातारा माणूस, कशाला त्याच्या जिवाला घोर? पण ज्यांनी जन्मभर निवेदनं ऐकली त्यांना मी आणखी एक देणार नव्हते. म्हटलं, 'तुम्ही गेलात हे त्यांना कळलंच नव्हतं. कॅमेऱ्यासमोर वाकताना उघडे ठेवायचे ते डोळे घट्ट मिटलेले होते. मी हात लावून सांगितलं, तेव्हा उठले.'

मेईने ते सांगितलं. इथे मयतीच्या टेबलांवर शेंगा ठेवतात, त्यातली एक बशी कुओंनी उचलली, प्लास्टिकची खुर्ची ओढत नेऊन फोटोच्या अगदी समोर टाकली आणि बसले. शेंगा सोलायला लागले, आणि बोलायला लागले. आधी हळू, मग चढ्या आवाजात, बोट रोखून. दाणे फोटोसमोर ठेवत होते आणि झापत होते. मी मेईला विचारलं, 'काय म्हणताहेत?'

ती डोळे पुसत म्हणाली, 'शिव्या देताहेत. कारखान्यापासून सुरुवात केलीय... आता त्यांच्या आईच्या मयतीपर्यंत आलेत.' जरा ऐकून म्हणाली, 'पपांना हे इतकं हवं होतं गं.'

ते लवकर थांबतील असं वाटेना. पार्लरवाला आवरायला आला, त्याला मी खुणेने परत पाठवलं.