जासईच्या नाक्यावरचं लाल फडकं

१. नवी मुंबईत सीवूड्सला आमच्या सेक्टरच्या रस्त्याकडेने हिरवा सायकलपट्टा रंगवला गेला. आराखडा माझा, पाठपुरावा आमच्या सायकल समितीचा.
२. रंग वाळला आणि पट्ट्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या.
३. समितीतली माझी मैत्रीण शलाका जासईजवळच्या कंटेनर यार्डात नोकरीला लागली. समिती तिने सोडली.
४. पट्टा वापरात दिसला नाही तर तिथे पार्किंग होईल, असं आम्हाला महापालिकेकडून सांगण्यात आलं. पाहणी येत्या सोमवारी.
५. शलाकाने एक व्हिडिओ पाठवला. जासईच्या नाक्यावर सायकलींची लांब रांग जातेय आणि ट्रेलर थांबलेत. खाली तिने फक्त एक हसरा चेहरा टाकला होता.
६. गेल्या शनिवारी मी सायकल काढली.

हा रस्ता करायचा असेल तर उजाडायच्या आत निघा. करावे गाव मागे टाकून बेलापूरपर्यंत त्रास नाही. पुढे खाडीपुलावरच्या लोखंडी सांध्यांत अरुंद टायर अडकतो, सांधे काटकोनातच ओलांडा. उलव्यापर्यंत हवा चांगली असते. त्यानंतर धूळ, म्हणून मास्क हवा. सावली कुठेच नाही, पाणी घरूनच भरून न्या. जासईच्या अलीकडे ट्रेलर सुरू होतात. त्यांची मागची चाकं वळताना आत येतात, त्यामुळे वळणावर त्यांच्या डावीकडे कधीही राहू नका. रस्त्यांची आखणी करताना हे मी रोज कागदावर काढते. शेजारून खरं चाक जातं तेव्हा मी सायकल मातीत उतरवते.

नाक्यावर पहिल्या पाळीची माणसं सायकली घेऊन जमत होती. शलाका त्यांच्यात उभी राहून कुणाच्या तरी डब्यातलं सुकट खात होती. आमच्या मीटिंगमध्ये ती कोपऱ्यात बसायची.

"ही कोन गं?" यार्डाच्या कॅन्टीनमध्ये भाकऱ्या करणाऱ्या सुमनताईंनी तिला विचारलं.

"माझी मैत्रीण. इंजिनीअर हाय."

'हाय.' ठाण्यात वाढलेली शलाका 'हाय' म्हणाली आणि कुणी हसलं नाही.

"गियरची सायकल दिसते," सुमनताई म्हणाल्या. "पलवशील नको, बाय."

इथली पद्धत अशी: सगळ्यात हळू चालवणारा माणूस सगळ्यात पुढे. त्याच्या वेगाने सगळे. म्हणून पुढे सुमनताई, जुन्या काळ्या सायकलवर, हँडलला पिशवी. शेवटी शलाका, कॅरिअरला लाल फडकं बांधून. ट्रेलरबाहेर आलेल्या सळ्यांच्या टोकाला बांधतात तसं. ड्रायव्हर कुठल्याही राज्यातला असो, माल तिथे संपतो हे त्याला कळतं. त्यामुळे यार्डाच्या गेटवर ते ही रांग एकच लांब गाडी समजतात आणि फडकं जाईपर्यंत थांबतात. ना रंग, ना खांब, ना मंजुरी. कल्पना शलाकाची. ती मला का सुचली नाही, हा विचार मी तिथेच थांबवायचा प्रयत्न केला.

निघालो. सुमनताईंच्या वेगाने चालवणं मला जमेना. गेटच्या थोडं आधी मी बाजूने त्यांच्याही पुढे गेले. माझ्या मागच्या दोघांना वाटलं, आता जायचं. ते माझ्या मागे आले. सुमनताई आणि आमच्यात फट पडली आणि त्या फटीत एक ट्रेलर तोंड घालून वळला. सुमनताईंनी पाय टेकला. अख्खी रांग मातीत उतरली. चाक गेलं ते सुमनताईंच्या पिशवीला घासून.

सुमनताईंनी पिशवी झटकली.

"पुढं जाऊन कोनता कप घेनार होतीस?"

मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, आज इंजिनीअर लोकांची रेस हाय."

सगळे हसले. शलाकाही हसली. मी सुमनताईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "आता माज्या मागं ऱ्हा." मी राहिले.

पाळी सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून गेटसमोरच्या टपरीवर थांबलो. चहा आणि अंडापाव, पन्नासच्या आत. पाव ताजा असतो, आवर्जून खा.

"हे तू आमच्या समितीत का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं होतं की. तू म्हणालीस, आधी रंग, मग माणसं."

"फडक्याचं नव्हतं सांगितलंस."

"ते इथे सुचलं." तिने ग्लास ठेवला. "तुझा आराखडा चांगलाच होता गं."

ते ती समजूत घातल्यासारखं बोलली, म्हणून जास्त लागलं. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, "शलाकाताई, चला!" आणि ती गेली. आमच्या समितीत मला सगळे 'मॅडम' म्हणतात.

परतीला ऊन होतं. घरी पोचले तेव्हा आमच्या पट्ट्यावर टोकापासून टोकापर्यंत गाड्या होत्या. माझ्या आराखड्यात पट्ट्याची रुंदी, उतार, वळणाची त्रिज्या, सगळं बरोबर आहे. आजही त्यात चूक काढता येणार नाही. पण त्यावरून सकाळी कोण, कुणाबरोबर, कुठे जाणार, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. शलाकाकडे पट्टा नाही. तिच्याकडे तिची वाट बघत थांबणारी माणसं आहेत. ते मला हवं आहे आणि ते तिला आधी मिळालं, हे मला अजून आवडलेलं नाही.

तरी रविवारी मी करावे गावात आणि दोन सोसायट्यांत फिरले. कोळीवाड्यातल्या मासळी विकणाऱ्या दोघी, एक पाववाला, शाळेतल्या एक शिक्षिका आणि आमच्या समितीतले काही जण सोमवारी सकाळी एकत्र निघायला तयार आहेत. सगळ्यात हळू पाववाला आहे, तो पुढे राहील. पट्ट्यावर गाड्या असतील तर आम्ही त्यांच्या शेजारून रस्त्यावरून जाऊ, रांगेने. पाहणीला येणाऱ्यांना माणसं दिसली पाहिजेत. नाहीतर पट्टा गेला.

रांगेच्या शेवटी कसं राहायचं, मागच्या गाडीला कसं रोखायचं, हे आमच्यापैकी कुणालाही येत नाही. मलाही नाही.

शलाका, तू माझा हा ब्लॉग वाचतेस, मला माहीत आहे. त्या दिवशी जासईला तुझी जागा दुसरं कुणी घेऊ शकत असेल, तरच: सोमवारी आमच्याकडे शेवटची सायकल चालवशील का? शुक्रवार संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही, एवढंच कळव.