सहाव्या विषयाला हरकत

आमच्या नगरपंचायतीच्या सभेला मागच्या बाकावर येऊन बसणारा माणूस म्हणजे माझे अब्बा. दुसरं कोणी फारसं फिरकायचं नाही. अब्बांचं एसटी स्टँडजवळ मोटारसायकल दुरुस्तीचं पत्र्याचं दुकान. सगळा तालुका त्यांना मिस्त्री म्हणायचा. सभेच्या दिवशी ते पावडरनं घासून घासून हात धुवायचे आणि इस्त्रीचा सदरा घालून निघायचे. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण सभेत काय झालं ते अब्बा मला मराठीतच सांगायचे. सरकारी गोष्ट सरकारी भाषेत, असा त्यांचा खाक्या. मराठी अक्षरं मात्र त्यांना सहीपुरतीच यायची. वाचायचं काम माझ्याकडे.

सभेत एक रीत होती. बाकावरच्या माणसाला बोलायचा हक्क नाही, पण तो चिठ्ठी धरून उभा राहिला आणि नगराध्यक्षांची नजर गेली, की ते म्हणायचे, "बोला मिस्त्री." मग अब्बा गटारीबद्दल दोन वाक्यं बोलायचे आणि खाली बसायचे. गटार तुंबलेलीच राहायची. पण आपलं ऐकून घेतलं, याचंच त्यांना केवढं कौतुक! मला त्यांच्या या भोळेपणाचा तेव्हाही राग यायचा.

टाळेबंदीत सभा मोबाइलवर गेली, आणि टाळेबंदी उठली तरी परत आली नाही. घरबसल्या कारभार कोणाला नको असतो? दर वेळी नगरपंचायतीच्या दारावर नोटीस लागायची. सभा दूरदृश्यप्रणालीद्वारे होईल, नागरिकांनी ती वाचनालयातील पडद्यावर पाहावी, उपस्थितांनी वहीत सही करावी. म्हणजे सभा लोकांना खुली होती, नियमात कुठेही खोट नव्हती.

अशाच एका नोटिशीत सहावा विषय आमचा निघाला. स्टँडजवळची पत्र्याची दुकानं काढून त्यांना गावाबाहेरच्या माळावर जागा देणे. अब्बांचं दुकान चालायचं ते रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांवर. ऊसतोडीला निघालेली जोडपी, नारायणगडाच्या दर्शनाहून परतणारी माणसं गाडी ढकलत त्यांच्यापर्यंत आणायची. दोन कोसांवरच्या माळापर्यंत कोण ढकलणार? दुकान हललं की धंदा संपला, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"सभेत मी उभा ऱ्हातो न," अब्बा म्हणाले. "साहेब वळखतेत मला."

"आणि सगळ्यांच्या सह्या घ्या," मी म्हणाले. मी शाळामास्तरीण, नियमावर माझा भारी जीव. रांगेतल्या प्रत्येक फळवाल्याला, पंक्चरवाल्याला, चहावाल्याला मी स्वतः जाऊन बजावलं की वहीत सही नसली तर तुम्ही आलाच नव्हता असं होईल. सगळे आले. केळीचे गाडे पोत्यांनी झाकून आले. वहीत पहिली सही अब्बांनी केली, दाबून, अक्षर अन् अक्षर वेगळं काढून.

पडद्यावर चौकोनाचौकोनांत नगरसेवक दिसत होते. एकजण चालत्या गाडीत होता, एकाच्या मागे कपडे वाळत होते. सहावा विषय पुकारला आणि अब्बा चिठ्ठी धरून उभे राहिले. नगराध्यक्ष पडद्यातून थेट त्यांच्याकडे बघत होते. निदान आम्हाला तसं वाटलं.

"मिस्त्री, बसा खाली," शिपाई म्हणाला. "तिकडं तुमी दिसत न्हाई. हिथं कॅमेराच न्हाई."

"मला तर साहेब समोर दिसायलेत!"

"आपल्याला ते दिसतेत. त्यांना आपण न्हाई."

अब्बांना ते पटेना. त्यांनी हात आणखी वर केला, मग ओरडले, "साहेब, हरकत हाय! लई हरकत हाय!" रांगेतले सगळेच उठून ओरडू लागले. पलीकडे कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. ती सभेत पोचली, कारण एक नगरसेविका त्यावर हसल्या. अब्बांचा आवाज वाचनालयाच्या भिंतींपलीकडे गेला नाही. "हरकत? नाही ना? मंजूर." विषय सात सुरू झाला. अब्बा आठव्या विषयापर्यंत हात वर धरून उभे होते. मी त्यांचा सदरा ओढून त्यांना बसवलं.

मी चिडून अर्ज केला, इतिवृत्ताची नक्कल मागितली. ती महिन्याभरानं मिळाली. त्यात लिहिलं होतं, 'सभेस नागरिक मोठ्या संख्येने उपस्थित होते. विषय क्रमांक सहाबाबत कोणीही हरकत घेतली नाही. उपस्थितांच्या सह्या सोबत जोडल्या आहेत.' खाली वहीचं पान जोडलेलं होतं, सगळ्यात वर अब्बांची सही. लेखी हरकतीची मुदत नक्कल मिळेपर्यंत उलटून गेली होती. कारकुनानं मला पाणी दिलं, खुर्ची दिली. भांडायला समोर कोणी नव्हतंच.

"सही तर माझीच हाय," अब्बा एवढंच म्हणाले. केळीवाले चाचा मात्र माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमी सांगितलं म्हून आमी केली." त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. त्या सह्यांनी रांग उठली, आणि त्या गोळा करणारी मी होते. आजही वर्गात हजेरी मांडताना मी आधी प्रत्येक मुलाचा चेहरा बघून घेते.

पुढच्या आठवड्यात पत्रे उचकटले. अब्बांची हत्यारांची पेटी नगरपंचायतीच्या गोदामात गेली. ती सोडवायला आम्ही गेलो, तेव्हा कर्मचाऱ्यानं एक छापील कागद पुढे सरकवला. वर लिहिलं होतं, 'मी स्वेच्छेने जागा रिकामी केली असून माझी कोणतीही तक्रार नाही.' सही केल्याशिवाय पेटी नाही.

अब्बांनी पेन हातात घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा सही करण्याआधी थांबले. "बेटा, काय लिवलंय?"

सगळे नियम मोठ्यानं वाचून दाखवणारी मी म्हणाले, "सामान मिळालं, एवढंच."

त्यांनी सही केली.