अध्यक्ष पायऱ्या उतरले

मार्गशीर्ष वद्य षष्ठी, बुधवार, सकाळ. काशी, पंचगंगा घाट. हजर: आमच्या बुडालेल्या सहकारी बँकेचे अध्यक्ष, खुर्चीत, त्यांचा पुतण्या, क्रियेला बसलेला, गुरुजी, निवृत्त मास्तर, आणि मी, मोबाईल घेऊन. शेजारच्या ब्रह्मा घाटावर माझे दीर, कचोऱ्यांची पिशवी घेऊन. अध्यक्षांच्या पत्नीचा दहावा होता.

अध्यक्षांवर खटला उभा राहिला होता, पण अध्यक्ष उभे राहत नव्हते. अर्धांगवायू आहे, बिछान्यातून उठवत नाही, असा डॉक्टरचा कागद दर तारखेला कोर्टात जायचा. आरोपी समोर नाही म्हणून आरोप निश्चित होत नव्हते. संध्याकाळी ते गच्चीवर फेऱ्या मारतात हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. दाखवायला मात्र कुणाकडे काही नव्हतं. मास्तरांनी ठेवीची आशा कधीच सोडली होती. त्यांना अध्यक्षांना एकदा कटघऱ्यात पाहायचं होतं. छातीचं ऑपरेशनही त्यांनी त्यासाठीच पुढे ढकललं होतं. "टेबलावरच गेलो तर हे राहून जाईल," म्हणायचे.

मूल नव्हतं, तेव्हा पत्नीची क्रिया अध्यक्षांनीच करायची. त्यांनी पुतण्याला बसवलं आणि स्वतः खुर्चीतून, दोन माणसांच्या खांद्यावर, वरच्या चौथऱ्यापर्यंत आले. तिथून नदीपर्यंतच्या पायऱ्या उभ्या आहेत. खुर्ची खाली नेता येत नाही. हे मी आधीच जाऊन पाहून ठेवलं होतं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत कुणी उठत नाही. शिवला नाही तर गेलेल्या माणसाची इच्छा अडली आहे असं समजून एकेक जण तिला शब्द देतो. तरीही आला नाही तर गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि मोकळं करतात. गुरुजींची ठेवही आमच्याच बँकेत होती. दर्भाला घाई करायची नाही, एवढंच मी त्यांना आदल्या दिवशी सांगितलं. कावळ्यांना कचोऱ्या घालून तिकडेच थोपवायचं काम दिरांकडे दिलं होतं.

पिंड ठेवला तेव्हाच मी चित्रण सुरू केलं. कावळे सगळे शेजारच्या घाटावर. पुतण्या हात जोडून म्हणाला, "काकू, काकांना मी सांभाळीन." थोड्या वेळाने, "औषधं वेळेवर देईन." मग मान वर करून, "काका, कौवा तो आ ही नहीं रहा."

"सगळ्यांच्या ठेवी परत करू, असं सांगून बघ," मास्तर मोठ्याने म्हणाले. "ती पण ठेवीदारच होती बिचारी."

पायऱ्यांवर बसलेली माणसं हसली. नावाडीसुद्धा हसले.

"गुरुजी, दर्भाचा करा," वरून अध्यक्ष म्हणाले.

"अध्यक्षमहाराज, घाई कसली? बाईचा जीव अडकलाय." गुरुजींनी उपरणं सारखं केलं. "कधी कधी नवऱ्याचीच हाक लागते. तिथून नाही पोचायची."

बाईंचं आमच्याशी काहीच वाकडं नव्हतं. संक्रांतीला त्या गल्लीतल्या प्रत्येक घरी स्वतः वाण घेऊन येत. बँक बुडाल्यावर आम्ही दारं लावून घेतली, तरी दाराशी ठेवून जात.

ऊन पायऱ्यांवर आलं. पुतण्या उपाशीपोटी थंडीने कुडकुडत होता. अध्यक्ष बराच वेळ पिंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी शाल खुर्चीत ठेवली, उठले आणि खाली आले. काठी नाही, कुणाचा हात नाही. एका ठिकाणी शेवाळ होतं, तिथे थांबून त्यांनी पाऊल बाजूला टाकलं. मी सगळं घेतलं.

पिंडापाशी उकिडवे बसून ते हळू म्हणाले, "उठ आता. माझ्यावर रागव नंतर. लोक बघतायत."

कावळा आला नाही. गुरुजींनी दर्भ घेतला आणि पटकन उरकलं.

अध्यक्ष वळले तेव्हा त्यांना माझ्या हातातला मोबाईल दिसला. "झालं का ताई तुमचं?"

"वर चढतानाचं पण लागेल," मी म्हटलं.

ते चढले. मास्तर त्यांच्या मागोमाग एकेक पायरी मोजत चढले, मोठ्याने, शाळेत कवायत घेतात तसे.

वकीलसाहेबांनी चित्रण दोनदा पाहिलं आणि खूश झाले. जामीन रद्द करायची अर्जीही लिहून ठेवली. मोबाईल माझा, चित्रण माझं, त्यात काही काटछाट केलेली नाही, अशा कागदावर माझी सही हवी. काटछाट चालणार नाही, कारण समोरचा वकील पहिलं तेच विचारणार. आणि चित्रणात सगळंच आलं आहे: मास्तरांचं बोलणं, गुरुजींचं ते नवऱ्याच्या हाकेचं, आणि मध्येच मास्तरांच्या मोबाईलवर दिरांचा फोन आला तेव्हाचा माझा आवाज: "संपल्या तर अजून घ्या. एकही कावळा इकडे येता कामा नये."

गुरुजी घरी येऊन बसले. "हे कोर्टात वाजलं तर या काशीत मला दहाव्याला कोण बोलावेल? तुम्हीच सांगा." मी चहा दिला. दीर म्हणतात, माझं नाव येतं त्यात, वहिनी, जरा विचार करा. मास्तर रोज येतात, जिना चढून धापा टाकत उंबऱ्यात बसतात. "केलीस का?" एवढंच विचारतात. काल म्हणाले, "त्याला एवढ्या पायऱ्या चढायला लावल्यास आणि तुला एक सही होत नाही?"

तारीख सोमवारी आहे. कागद वकीलसाहेबांना शनिवारी हवा होता. आज रविवार. किराणा आणला, गॅस लावला, विजेचं बिल भरलं. सही राहिली आहे.