ओटीचा नारळ

काकांना जाऊन महिना होत आला. कॉलेजच्या कागदोपत्री ते आमचे शिक्षक कुठेच नव्हते. दिवसभर सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर काम करायचे आणि संध्याकाळी आमच्या नाट्यविभागात यायचे, तशाच पिवळ्या नखांनी. अभिनय शिकवायला बाहेरून मोठी माणसं येत. पडद्यामागचं सगळं मात्र काकांकडे. मी साताऱ्याहून तिथे आले ती नाटकं वाचायला मिळतील म्हणून. रंगमंचावर उभं राहायची मला भीतीच होती. पहिल्याच आठवड्यात काका म्हणाले, "बोलत न्हाईस, बरं हाय. बघतीस का पण?"

बघायला त्यांनीच शिकवलं. विंगेत लांब टेबल मांडायचं, त्यावर पांढरा कागद चिकटवायचा आणि नाटकात लागणारी प्रत्येक वस्तू ठेवून तिच्याभोवती पेनानं रेघ ओढायची. चष्म्याची जागा, तांब्याची जागा, पत्राची जागा. वस्तू उचलली की खाली तिची आकृती उरते. "यादी वाचायला येळ जातो," काका म्हणायचे, "मोकळी जागा लगेच दिसती." दुसऱ्या घंटेनंतर टेबलावरून नजर फिरवायची आणि मगच तिसरी घंटा द्यायची. ती झाली की पडदा उघडणार, मग काही केल्या थांबवता येत नाही.

शेवटच्या वर्षी आमच्या नाटकाचा दुपारचा प्रयोग साताऱ्यात लागला. बसमध्ये काका म्हणाले, "आज घंटा तुझी. मी नुसता उभारणार." मला एवढंच हवं होतं, की उद्याही त्यांनी ती माझ्याकडेच ठेवावी.

नाटकाआधी रंगमंचाची पूजा होते, नारळ फुटतो. पूजेचं सामान आणायचं काम माझं होतं. उदबत्ती लागली, सगळे हात जोडून उभे राहिले, तेव्हा लक्षात आलं, की पूजेचा नारळ मी सांगलीतच विसरले आहे. मी धावत टेबलाकडे गेले, तिथला नारळ उचलला, आणून दिला. तो फुटला. सगळ्यांनी खोबरं खाल्लं. मीही खाल्लं.

दुसरी घंटा देऊन टेबलापाशी आले, तर कागदावर एक गोल मोकळा. दुसऱ्या अंकात सासू सुनेची ओटी भरते, तो नारळ.

सासू झालेली माझी वर्गमैत्रीण नऊवारी सावरत आली. "मग मी ओटीत काय घालू? चिकटपट्टी?"

सासरा झालेला मुलगा अजून खोबरं चघळत होता. "आता काका तुला नारळ देणार बघ!"

सगळे हसले. मला हसू येईना. मी काकांसमोर जाऊन उभी राहिले. "काका, ओटीचा नारळ मीच फोडायला दिला."

"बरं. मग?"

पुढे ते काही बोलणार नव्हते, हे मला कळलं. बाहेर प्रेक्षक टाळ्या वाजवायला लागले होते. नारळ लागणार होता मध्यंतरानंतर, तेव्हा प्रयोग अडवायचं कारण नव्हतं. आत प्रत्येकाच्या हाताला काम होतं, एक माणूस सोडून.

"तुम्ही जा," मी म्हटलं. "रिक्षानं जा. मध्यंतराच्या आत चांगला शेंडीचा नारळ आणा." त्या घाईत 'काका' म्हणायचंही राहिलं.

"व्हय," ते म्हणाले आणि निघाले. मी तिसरी घंटा दिली.

मध्यंतराच्या आधी ते घामाघूम होऊन परत आले, ते दोन नारळ घेऊन. "एक ओटीला. दुसरा, तुझा हात पुन्ना शिवशिवला तर."

प्रयोग नीट झाला. घंटा पुढेही माझ्याकडेच राहिली, आणि आज हेच काम माझं आहे. पण वडिलांच्या वयाच्या माणसाला, ज्यांनी मला सगळं शिकवलं त्यांनाच, मी असा हुकूम सोडला, हे मनात राहिलं होतं. माफी मागायला जावं, तर ते काहीतरी काम सांगायचे आणि विषय राहून जायचा.

गेल्या आठवड्यात काकूंना भेटायला गेले. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "नारळवाली तूच व्हय गं?"

मी मान खाली घातली.

"अगं, एक पावणारावळा सोडला न्हाई त्यांनी. ज्याला त्याला सांगायचे, जल्मभर राबलो, मला कुणी नारळ दिला न्हाई, या पोरीनं आणायला धाडला! इचारलं न्हाई, धाडला! लय खूश हुते बघ. अख्खा सातारा पायी पालथा घातला म्हणं."

"रिक्षानं गेले होते, काकू."

"बघ की! मला कवा रिक्षाचं बोलले न्हाईत." त्या हसल्या, पदरानं डोळे पुसले आणि पाटावर नीट बसल्या. "आता तू सांग. पयल्यापासनं सांग."

मी सांगायला लागले.