साडूंची बसकी गाडी

माणसं गाडी घेतात ती ऐपत दाखवायला, शेजाऱ्याने घेतली म्हणून, घरी पाहुणे येणार म्हणून, किंवा अगदीच नाइलाज झाला तर कुठेतरी जायला. विकणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून गाडी घेणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. तीर्थपुरीजवळ शेतात त्यांचं घर, आणि नोकरी आष्टीकडच्या शाळेत मास्तरकीची. आवाज इतका मऊ की वर्गात तिसऱ्या बाकापलीकडे तो पोचत नाही. ‘नाही’ हा शब्द त्यांना फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिता येतो, फक्त समोरच्या माणसाला म्हणून दाखवता येत नाही. एकदा एसटीत कंडक्टरने त्यांना चुकून अंबडचं तिकीट फाडून दिलं, तर त्याला पुन्हा त्रास नको म्हणून हे गृहस्थ मुकाट्याने अंबडला जाऊन आले. तिथे त्यांनी चहा घेतला आणि बरं गाव आहे असं आम्हाला येऊन सांगितलं.

गाडी घ्यायची ठरली ती खरं तर नानांसाठी. नाना म्हणजे साडूंचे वडील. सहा फूट उंच, डोक्याला पटका, गुडघे वाकायला तयार नाहीत आणि कानाला ऐकू कमी येतं. मोटारसायकलवर मागे बसणं त्यांना जमेना, म्हणून एक जुनी, उंच, ऐसपैस गाडी बघावी असं घरात ठरलं. ती बघायला पुण्याला जाताना मी बरोबर असायचं होतं. ऐन वेळी मी जालन्यातून निघालोच नाही, आणि ही गोष्ट अक्का, म्हणजे साडूंच्या सौभाग्यवती आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, अजून विसरलेल्या नाहीत. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी साडू परत आले ते एका लालभडक गाडीतून. जमिनीपासून चार बोटं उंच, रुंद टायर, मागे उपरण्याएवढा पंख, खाली मनगट जाईल एवढा सायलेन्सर, आणि पुढच्या दोन सीटा इतक्या खोलगट की बसलेल्या माणसाचं फक्त कपाळ बाहेरून दिसावं. वर प्रत्येकाला खांद्यावरून आणि कमरेवरून बांधायचे चार पट्टे. शर्यतीची हौस असलेल्या कुणा पोराने चार वर्षं खपून ती तशी करून घेतली होती, आणि आता त्याचं लग्न ठरल्यावर सासरच्यांनी ती विकायला लावली होती.

“तो पोरगा तिच्यावरून हात फिरवून राह्यला होता, पाव्हणं,” साडू मला म्हणाले. “म्हणला, सर, तुम्ही हिला सांभाळाल ना? हिच्यात काही बदलणार न्हाई ना? मी शब्द देऊन बसलो. मंग गाडी घ्यावीच लागली.”

पाडव्याला पूजा झाली. अक्कांना गाडीला कुंकू लावायला खाली मांडी घालून बसावं लागलं. चाकांच्या रोखाने पुढे ठेवलेली लिंबं चाकांपर्यंत पोचलीच नाहीत, गाडीच्या खालच्या ओठाने ती अंगणभर पुढे ढकलत नेली आणि शेवटी तुळशीपाशी गोळा करून ठेवली. मग नानांना बसवायची वेळ आली. वाहन घरात आलं की आधी घरातलं मोठं माणूस त्यात बसतं. नाना पाठमोरे झाले, खाली खाली गेले आणि दिसेनासे झाले. बसले खरे, पण निघता येईना. मी एक हात धरला, साडूंनी दुसरा, शेजारच्या शेतातले दोघे धावत आले. नाना बाहेर आले तेव्हा पटका आत होता आणि चप्पल सीटखाली गेली होती. त्यांनी पटका पुन्हा बांधला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, “मी बसलो न्हाई, पडलो. मास्तर, ज्या गाडीत घरातलं मोठं माणूस बसत न्हाई, ती घरची गाडी न्हाई.” पोटच्या पोराला ते मास्तरच म्हणतात. अक्कांनी तिथल्या तिथे निकाल दिला, “दसऱ्यापर्यंत नाना नीट बसले तर गाडी राहील. न्हाईतर दुसऱ्या दिवशी विकायची.” साडू म्हणाले, “बराबर आहे.”

त्या दिवसापासून ते हसरे गृहस्थ आतून कुरतडले गेले. गाडीचं त्यांना फार नव्हतं. वडील सगळ्यांदेखत हसू झाले, तेही आपण त्यांच्यासाठी आणलेल्या गाडीत, हे त्यांच्या मनातून जाईना. माझ्याशी फोनवर ते जेव्हा बोलत तेव्हा शेवटी एकच वाक्य असे, “नाना बसले न्हाईत म्हंजे गाडी घरात आली कुठं, पाव्हणं?”

तोवर रोज शाळेला मात्र ते तिच्यातूनच जात. आयुष्यभर ज्यांचा आवाज कुणाच्या कानावर पडला नाही ते साडू आता दोन गावं आधीपासून ऐकू येऊ लागले. शाळेत घंटा वाजवायची गरज उरली नाही, ओढ्यापलीकडे घरघर सुरू झाली की मुलं प्रार्थनेला उभी राहत. वाटेतल्या एका म्हशीने दूध आखडलं अशी तक्रार आली, तेव्हा साडू तिच्या गोठ्यापासून शंभर पावलं अलीकडे इंजिन बंद करून उतरायचे आणि गाडी ढकलत पुढे न्यायचे. म्हशीला त्याचीही सवय झाली, आणि ती मान वळवून त्यांची वाट बघू लागली.

खरी मौज गतिरोधकांची. आपल्या भागात रस्ता नसला तरी चालतो, गतिरोधक लागतोच. त्या रस्त्यावरच्या प्रत्येकाला साडूंनी नाव दिलं होतं. एक सरपंचाचा, एक ‘खवीस’, एक ‘बिचारा’, कारण तो निम्मा उखडला होता. खवीस आला की साडू गाडी थांबवत, शाळेची लाकडी फूटपट्टी घेऊन उतरत, उंची मोजत, आणि मागे वळून अतिशय नम्रपणे म्हणत, “जरा उतरता का?” आम्ही उतरायचो. गाडी तिरपी होऊन, एकेक चाक टाकत, बाळंतिणीच्या चालीने पलीकडे जायची. आम्ही पायी पलीकडे जाऊन पुन्हा बसायचो. परतूरच्या एका लग्नाला मी, माझी बायको आणि अक्का अशा थाटात गेलो की निम्मं अंतर आम्ही चाललो आणि निम्मं गाडी चालली. कडब्याने भरलेली एक बैलगाडी आम्हाला तीनदा ओलांडून गेली, आणि तिसऱ्यांदा गाडीवानाने कळवळून विचारलं, “सोडू का कुठं?” साडू काही बोलायच्या आत मी जोरात नको म्हणालो. नाहीतर आम्ही सगळे कडब्यावर बसून लग्नाला पोचलो असतो.

अक्कांनी त्या गाडीचं हळूहळू घर करून टाकलं. मागच्या पंखावर कुरडया वाळू लागल्या. पुढच्या खोलगट सीटमध्ये मोसंबीचं क्रेट चारी पट्ट्यांनी आवळून बाजारात जाऊ लागलं. दर रविवारी पुण्याचा तो पोरगा व्हिडिओ कॉल करून गाडीची खुशाली विचारी, तेव्हा साडू आधी कुरडया उचलून ठेवत आणि मग फोन फिरवून गाडी दाखवत.

नानांसाठी त्यांनी काय केलं नाही? सीटवर पाट ठेवून पाहिला, तर शिरतानाच डोकं दाराच्या चौकटीला लागे. शहागडच्या मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, “सर, गाडी रोडके वास्ते बनेली है. अपने इधर रोडइच नै बन्या, तो गाडी का क्या कसूर? स्प्रिंगा बदल के उप्पर उठा देतूं, चार घंटे का काम.” साडू म्हणाले, “शब्द दिलाय हो मिस्त्री. काही बदलायचं न्हाई.” मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, मी आभाळाकडे. असं करता करता घटस्थापना झाली.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा साडूंचा चेहरा उजळलेला होता. त्यांना शेतातला धक्का आठवला होता. बैल टेम्पोत चढवायला मातीचा उंचवटा केलेला असतो, एका बाजूने उतार, वर सपाट, पुढे सरळ कडा. तसा त्यांच्या अंगणाच्या टोकाला एक जुना धक्का होता, पावसाने झिजून दोनेक फुटांवर आलेला. “माणूस खाली जाऊ शकत न्हाई, तर गाडी वर जाईल,” साडू म्हणाले. बैल चढतो तशी गाडी चढेल, एवढाच त्यांचा विचार. त्यांनी ती धक्क्यावर घातली. पुढची चाकं सपाटीवर गेली, मागची उतारावर राहिली, मधून कर्रर्र असा आवाज आला आणि गाडी पोटावर विसावली. पुढे जाईना, मागे येईना. पण दार उघडलं तर सीट बरोबर धक्क्याच्या कडेला खाली उभ्या नानांच्या कमरेला.

नानांनी हाताने सीट चाचपली. मग टेकले, पाय आत घेतले आणि बसले. न वाकता, न पडता, बैलगाडीत बसावं तसे. पटका छताला लागायला लागला तेव्हा शेजारच्या सीटवरून साडूंनी बटण दाबलं, छताची काच सरकली आणि पटका आकाशात गेला. अक्कांनी दोघांना ओवाळलं, आपट्याची पानं दिली. नानांनी पट्टे बांधून घेतले आणि विचारलं, “मास्तर, गाडी चालू हाय ना?” साडू म्हणाले, “हो, चालूच आहे.” तेव्हा खालून तेलाची धार लागली होती.

जेवणं खोळंबली तरी ते दोघे उतरले नाहीत. मी सांगायला गेलो तर काचा वर होत्या. छताच्या फटीत पटका बुचासारखा बसला होता, बाहेरचा आवाज आत येत नव्हता, आणि साडू आपल्या नेहमीच्या मऊ आवाजात बोलत होते, आणि नानांना ते ऐकू येत होतं. नाना मान हलवत होते, मध्येच काही विचारत होते, उंचावरून मोसंबीच्या ओळींकडे बोट दाखवत होते. इतक्या वर्षांत मी त्या बापलेकांना एकमेकांशी दोन वाक्यांच्या वर बोलताना पाहिलं नव्हतं. एकाला ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं, एकाला ओरडता येत नव्हतं. मी काच न वाजवता परत आलो आणि अक्कांना म्हणालो, जेवतील सावकाश.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. “तेल का चेंबर फुट्या. पुणे से मंगाना पडता. तब तक हिलाना नै.” गाडी राहिली, धक्क्यावरच राहिली. साडू पुन्हा मोटारसायकलवर शाळेला जाऊ लागले, आणि शाळेत पुन्हा घंटा वाजू लागली.

परवा थंडीत गेलो तेव्हाही ती तिथेच होती. धक्क्यावर चढलेल्या वेलीच्या शेंगा तिच्या आरशापर्यंत आल्या होत्या. संध्याकाळचे नाना आत बसले होते, पटका वर, पट्टे बांधलेले, आणि साडू शाळेतून येऊन हातपाय धुऊन तिकडे निघाले होते. “रोजचं आहे हे,” अक्का म्हणाल्या. “पुण्याहून तो पार्ट अजून यून राह्यला म्हणं. दोन महिने झाले. कसली माणसं हो ती?” मग मला म्हणाल्या, यांनी डिकीत मोसंबीची पिशवी ठेवलीय, जाताना घेऊन जा.

मी डिकी उघडली. पिशवीमागे पुठ्ठ्याचा एक मोठा खोका होता, चिकटपट्टी न काढलेला, वर पुण्याचा पत्ता आणि साडूंचं नाव. साडू माझ्या मागे येऊन उभे राहिले. कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखे.

“आल्ता महिन्यापूर्वीच,” ते हळू म्हणाले. “बसवला की गाडी खाली घ्यावी लागंल, पाव्हणं.”

आतून नानांनी काचेवर टकटक केलं. साडू पलीकडे जाऊन बसले, दार लागलं, आणि त्यांचा आवाज मला ऐकू येईनासा झाला. मी पिशवी काढली, खोका आणखी आत सरकवला, डिकी लावली आणि ओट्यावर उभ्या अक्कांना ओरडून सांगितलं, पुण्याची माणसं वेळेवर काही पाठवत नाहीत.